गुरुवारचं ताट

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे जेवणारी मुलगी कोण, असं तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहिते. ती सुजाता, माझी वाचनालयातली मैत्रीण. शिष्यवृत्तीतून तिची कॉलेजची फी भागते, पण मेसचा खर्च भागत नाही. म्हणून ती शिक्षण सोडून गावी निघाली होती. तुमचे पणजोबा वार लावून, म्हणजे रोज एकेका घरी जेवून, शिकले. तसे आम्ही शेजारणींनी तिचे वार वाटून घेतले. माझा गुरुवार.

“आजी, शुक्रवारच्या काकू नेहमी कारलंच करतात,” ती कुरकुरली.

“मग आज आमटी दोनदा घे.”

शिष्यवृत्ती ठरवणाऱ्यांना फी दिसते, भूक दिसत नाही. कधीतरी तीही दिसेल. सुजाता यंदा परीक्षेला बसते आहे. वार लावून जेवायची पद्धत आमच्या इमारतीत अजून आहे.