कॉम्प्युटरले वाळ्याची ताटी

त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच ऊन असं कडक, का आमच्या बोरी गावच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा पाय उचलून उचलून चालत होती. वारा नाही, झाडाचं पान हालत नाही. अशा दिवशी म्हाताऱ्या माणसानं गुमान पडून राहावं. मी पडलो नाही, तिथंच सारं बिघडलं. कसं बिघडलं ते ऐकाच. चहा थंडा झाला तरी चालते.

माझा जलम पत्र्यात गेला. शाळेची पायरी पाह्यली नाही, पण पेट्या, कोठ्या, कुलर, काय म्हणान ते केलं. आता हात थकले. दुकान बंद केलं, पण कातर अजून उशाशीच असते.

सून वैशाली घरीच कॉम्प्युटरवर टायपिंग करते. कळंबच्या एका सरांचं जाडजूड पुस्तक तिच्याकडं होतं. सर पाच वाजता न्यायले येणार होते. वेळेवर झालं त त्यांच्या कॉलेजचं सारं काम तिलेच भेटणार. आन् तो कॉम्प्युटरचा डब्बा दर दहा मिनिटाले बंद पडून राह्यला!

"मामाजी, गरम होते हो हे," वैशाली रडकुंडीले आलती.

"हवा पाह्यजे त्याले."

"तुम्ही हात नोका लावू पण!"

एवढं बोलून ती बारा वाजता कागद आणायले बाजारात गेली.

आता तुम्हीच सांगा, डब्बा पत्र्याचा, काम हवेचं, आन् घरात कुलरवाला रिकामा बसलेला. हात कसा नाही लावणार?

प्लग काढला. झाकण खोललं. आतल्या नाजूक सामानावर जुनं धोतर पांघरलं, दुपारी झोपलेल्या जावयावर पांघरावं तसं. झाकणाले रुपयाएवढं भोक पाडलं. एवढ्यानं काय होते? कटोरीएवढं केलं. मंग आठवलं, माळ्यावर जुन्या कुलरचा पंखा आहे. तो कटोरीत कसा मावन? थाळीएवढं केलं. पंखा बसवला त झाकण वाकलं. म्हणून लोखंडी चौकट केली. चौकट हालू नये म्हणून चारही बाजूनं डब्ब्याले रिबिटा मारल्या. कंबर धरली, घामानं डोळे चुरचुरले, पण हात काही थांबेना. दुसऱ्या बाजूनं तसंच भोक पाडून वाळ्याची ताटी लावली. ताटीतून थंडी हवा आत, पंख्यातून बाहेर. चाळीस वर्षांची सवय हो!

कोरडी ताटी कोणत्या कामाची? मी तांब्या भरला.

"काका! रुको! पाणी नोका टाकू!"

शेजारचा सलीमभाई मोटारी दुरुस्त करते. ठोकाठोकी ऐकून तो दारात उभा.

"काय करून राह्यले हे?"

"कॉम्प्युटर थंडा करून राह्यलो."

त्यानं तांब्या माझ्या हातातून घेतला आन् अर्धा सोताच पिऊन टाकला. तेवढ्यात वैशाली आली. तिनं डब्बा पाह्यला, घड्याळ पाह्यलं. दोन वाजले होते. कागदाचा गठ्ठा धाडकन खाली टाकला.

सलीमभाईनं डब्बा फिरवून मांगून पाह्यला.

"वहिनी, याच्या जाळ्या कुठं गेल्या?"

"कोणत्या जाळ्या?"

त्यानं नखानं काळा रंग खरवडला. खाली पत्रा निघाला. काठ एकसारखा मुडपलेला, रिबिटा दोरी धरल्यासारख्या सरळ.

"गरम हवा इथूनच बाहेर जाते. हे कोनं बुजवलं? कंपनीचं काम एवढं साफ नसते."

अख्ख्या बोरीत तशी रिबिट एकच माणूस मारते.

दिवाळीत वैशाली माहेरी गेलती. डब्ब्यात पाल जाऊ नये म्हणून मीच पत्रा ठोकला, वरून रंगही दिला. थंडीत काही झालं नाही, आन् मी साफ विसरलो.

"मीच," म्हटलं, आन् खालीच बसलो.

सलीमभाईनं पत्रा उपटला, ताटी सरकवून आतलं धोतर काढलं, आत फुंकर मारली, प्लग लावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बंद पडेना! वैशालीची बोटं धावू लागली. माझ्याकडं मात्र तिनं अजून पाह्यलं नव्हतं.

मी हळूच विचारलं, "मंग माझ्या पंख्याचं काय रे बावा?"

सलीमभाईनं पंख्याची वायर वेगळी लावली. हवा अशी सुटली का वैशालीचे सारे कागद खोलीभर! पदरानं घाम पुसता पुसता ती बिचारी हसायलेच लागली.

सलीमभाई त्या हवेत ऐसपैस बसला आन् म्हणाला, "काका, कुलर एक नंबर झाला. वहिनीचं काम होऊ द्या, मंग त्यातला कॉम्प्युटर काढून घेऊ. दोन्ही चालतील."