काशीबाईचं अंगण

दांडी गावच्या काशीबाईला दिसेनासं झालं होतं, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी माणसांचे चेहरे धुरकट झाले, मग मासळीचे डोळे, मग सुई. आवाजावरून, वासावरून ती निभावून नेई. बोईसरच्या बाजारात शेजारणीच्या मागोमाग मासळी विकायला जाई. अंगणात तर डोळे लागतच नसत. ओट्यावरून उतरलं की उजव्या हाताला बोंबील वाळत टाकायच्या बांबूच्या वलांडी. त्यांना हात लावत गेलं की पायाखाली शिंपल्यांची कच कुरकुरायची, आणि त्यापुढं विहीर. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता, पण ती बाजू काशीबाईला पाठ होती.

सांगायची तिला भीती वाटे. नणंदेची, ठकीची, नजर गेली तेव्हा घरच्यांनी आधी तिच्या हातातली टोपली काढून घेतली, मग तिला कोपऱ्यात बसवलं. पुढं पुढं तिच्याशी कुणी बोलेचना.

शहाऐंशीच्या दिवाळीआधी काशीबाईच्या मुलानं, कमलाकांतनं, नवा बेत काढला. बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जाता-येता त्यानं साहेब लोकांचे बंगले पाहिले होते.

"वलांडी मागं नेतो. हितं हिरवळ, कडेनं जास्वंद, आन् फाटकापासून वळणाची वाट," तो म्हणाला.

"मागं ऊन नाय. मासळी वाळंल कशी?" त्याच्या बायकोनं, सुगंधानं, विचारलं.

काशीबाई एकदम मधे पडली. "अंगणाला हात लावू नको," ती म्हणाली.

"का पन, आय?"

कारण तिच्या ओठावर येऊन थांबलं. "मी मेल्यावर कर काय ते," एवढंच ती बोलली. कमलाकांत दुखावला. दोन दिवस दोघांत अबोला होता. काशीबाईला झोप लागेना. पडल्या पडल्या ती मनातल्या मनात ओट्यापासून विहिरीपर्यंत जाऊन येई.

रविवारी ती बाजारातून परतली. फाटकातून आत येऊन तिनं सवयीनं हात लांबवला. हाताला काहीच लागलं नाही. पायाखाली ओली, उकरलेली माती. ती बाजाराला गेल्यावर कमलाकांतनं तिचं न ऐकता वलांडी उपटल्या होत्या, रोपांसाठी खड्डे खणले होते. ती जागच्या जागी उभी राहिली.

"आय, पारूला जरा धरा, भात करपतोय!" म्हणत सुगंधानं आपली लहानगी पारू तिच्या कडेवर दिली आणि धावत आत गेली. पोर रडायला लागली. तिला उगी करायला काशीबाईनं एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि पाय एका खड्ड्यात गेला. ती गुडघ्यांवर आपटली, पण पारूला तिनं सोडलं नाही. उठावं तर कुठं उठावं? विहीर पुढं की मागं, काही कळेना.

"कमू!" ती ओरडली. "कमू, विहीर कुठं हाय?"

मागच्या बाजूनं कमलाकांत हसत आला. "आगं, तुज्या समोरच तर हाय."

"समोर म्हंजे कुठं रं? मला दिसत नाय."

तो धावला. एका हातानं त्यानं पोर घेतली, दुसऱ्यानं आईला धरून ठेवलं. त्यानं विचारलं, "कधीपासनं?"

"गेल्या पावसाळ्यापासनं," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडू लागली. "मला कोपऱ्यात नको बसवू, कमू."

त्या आठवड्यात तो तिला पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढता आला. दुसऱ्या डोळ्याची नजर परत येणार नव्हती.

मग अंगण पुन्हा आखलं गेलं. काशीबाई पुढं चाले, मागून कमलाकांत चुना टाकत येई. आधी विहिरीचा कठडा पुरा बांधला. वलांडी उन्हात जुन्या जागी आल्या. ओट्यापासून विहिरीपर्यंत दगडांची सरळ, जरा उंच वाट केली. हिरवळीचा बेत सोडून दिला, कारण गवतात वाटेच्या कडा लपतात. जास्वंद मात्र कुंपणाला लावली, आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोपायला कमलाकांतची खाट माडाखाली आली.

काशीबाई पुन्हा टोपली घेऊन बाजारात जाऊ लागली, आता सुगंधाच्या सोबतीनं. पण कमलाकांतची धास्ती गेली नाही. पाळीवरून आला की चपला काढायच्या आधी तो विचारी, "आय, आज कसं दिसतंय?"

"बरं हाय," ती म्हणे.

ते खरं की खोटं हे ओळखायला तो थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत उभा राही.