पेल्यातली कवळी

आमच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. पाच वर्षांची असताना पाहुण्यांनी दाराशी काढलेल्या चपला ती उचलून मांडणीत नीट लावून ठेवायची, आणि पाहुणे निघताना अनवाणी शोधत फिरायचे. पुढे ती दातांच्या लॅबमधलं काम शिकली. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा पाठवतात. त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचा, त्यावर मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी घडवायची. बारा वर्षं ती हेच करते आहे. कुणी हसलं की तिचं लक्ष आधी दातांकडे जातं. बसमध्येसुद्धा माझ्या कानाशी लागून सांगते, "आई, समोरच्या काकांची खालची सैल आहे."

जावई परदेशातला. लग्न इथेच झालं, तेव्हा त्याच्याकडचं कुणी आलं नव्हतं. विहीणबाई हयात नाहीत. व्याही बसचालक होते, आता निवृत्त झालेत. त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही असं कळवलं होतं. त्यामुळे मुंगी गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच नवऱ्याच्या गावी गेली. जाण्याआधी महिनाभर तिने त्यांच्या भाषेतली चार वाक्यं घोकली. त्यातलं एक होतं, 'मी मदत करू का?' कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना ती ते पुटपुटत राहायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं.

"हे कशाला शिकतेस?" मी म्हटलं. "मदत काय अर्ज करून करायची? दिसेल ते काम उचलायचं. परक्या घरात माणूस असंच आपलं होतं."

पहिल्या दोन दिवसांत तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. "आई, सासरे माझ्यासमोर जेवत नाहीत. मी टेबलाशी बसले की ताटली घेऊन खोलीत जातात. बोलत तर नाहीतच."

"तुझं काही चुकलं का?"

"अजून मी काही केलंच नाही, तर चुकेल कसं?"

तिसऱ्या दिवशी मात्र आवाज बदलला होता. "आई, ते माझ्यावर रागावलेले नाहीत गं. त्यांची वरची कवळी डावीकडे टोचते आहे. आज लांबून बघितलं, चहात बुडवलेला पावसुद्धा उजवीकडे ढकलतात. बोलताना टकटक होतं म्हणून गप्प राहतात. थोडी घासली की झालं. दहा मिनिटांचं काम."

माझा जीव भांड्यात पडला. "मग टाक करून," मी म्हणाले.

शनिवारी पहाटे, व्याही झोपेत असताना, तिने न्हाणीघरातल्या पेल्यातून कवळी काढली. लॅबमध्ये आलेली जुनी कवळी ती आधी उजेडाला धरते, तडा बघते, मगच कानस हातात घेते. इथे दिवा लावला असता तर सासरे जागे झाले असते. म्हणून अंधुक उजेडातच तिने अंगठ्याने धरून घासायला घेतली. कधीतरी गोंदाने चिकटवलेला तडा होता. कवळी मधोमध दुभंगली.

तिने दोन्ही तुकडे पेल्यात परत ठेवले आणि मला फोन केला. काही वेळाने व्याही उठले, पेला उचलून खोलीत गेले आणि आतून कडी लावली. रविवारी दुपारी नवी सून बघायला चौदा नातेवाईक जेवायला यायचे होते.

"आई, बाबा दार उघडत नाहीत," जावई फोनवर म्हणाला. त्याचं मराठी मोजकं, पण नेमकं.

"फार रागावलेत का?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. ते लाजलेत. माझ्या आईलासुद्धा त्यांनी कधी बिनदातांचं तोंड दाखवलं नाही. दिवा बंद करून काढायचे."

मी मुंगीला सांगितलं, दाराबाहेरून माफी माग. मग सांगितलं, पातळ काहीतरी करून दाराशी ठेव. मग सांगितलं, त्यांना एकटं सोड. शेवटी मुंगीचे बाबा म्हणाले, "आता तू पुरे कर. तुझ्याच सल्ल्यांवर ती तिथवर पोचली आहे." आणि ते झोपायला गेले. म्हणजे कूस बदलत पडले आहेत.

तिथे आता रविवारची दुपार आहे, इथे मध्यरात्र उलटून गेली. जावयाने गावभर फिरून एका ओळखीच्या दवाखान्यातून सांधायची पूड आणि द्रव मिळवला आहे. पण तुकडे आत आहेत. शिवाय सांधल्यावर कवळी तोंडात बसवून बघावी लागते, नाहीतर टोचतं कुठे ते कळत नाही. म्हणजे त्यांनी तिच्यासमोर तोंड उघडायला हवं.

थोड्या वेळापूर्वी तिने व्हिडिओ कॉल लावला. ती बंद दारासमोर जमिनीवर बसली होती. खालून ताटल्यांचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. फोन भिंतीला टेकवून म्हणाली, "काही सांगू नकोस. नुसती बस माझ्यासोबत."

मी बसले. मला दिसत होतं एक तपकिरी दार आणि त्याची घासून पांढरी झालेली मूठ. अर्धा तास मी त्या मुठीकडे बघत होते. मग ती हलली.

"मुंगे," मी घाईने म्हणाले, "मला पालथं ठेव. त्यांना अजून एक बघणारी नको."

तिने फोन जमिनीवर पालथा ठेवला. पडदा काळा झाला. कडी निघाल्याचा आवाज आला. मग माझ्या मुलीने अडखळत, एकेक शब्द सुटा करत, ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं. जे सगळ्यात आधी म्हणायचं होतं, ते.

त्यावर व्याही काहीतरी बोलले. दोन शब्द असतील, फार तर तीन. दात नसल्यामुळे नुसती हवाच जास्त होती. प्रश्न मला पाठ होता. त्याची उत्तरं काय असतात, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

फोन अजून चालू आहे, काळाच. मी हाक मारलेली नाही.