दाभणमावशी गाडी बघायला जाते

गॅरेजच्या रांगेत शेवटची शेड दाभणमावशीची. काम एकच, गाड्यांच्या सीटा शिवणं. दाभण म्हणजे ती लांब जाडजूड सुई, रेक्झिनच्या आरपार जाणारी. आता हे नाव तिच्या सुईवरून पडलं की जिभेवरून, यावर रांगेत दोन पक्ष आहेत. मी जिभेच्या पक्षात.

आमची ओळख रांग उठवायला पालिकेची माणसं आली त्या दिवसाची. मी रस्त्यात उभी राहून घसा फोडत होते आणि ही बाई माझ्या मागे बसून माझ्या हातातला फाटका फलक शिवत होती. "ओरड खुशाल, पण हलू नकोस. टाका वाकडा येतोय." तेव्हापासून ती मला 'पुढारी' म्हणते. चिडवायलाच म्हणते. रांग काही उठली नाही. शेडी पक्क्या झाल्या आणि मोजणीत मावशीच्या शेडमागे एक गाडी मावेल एवढी जागा जास्तीची निघाली.

झालं! जो तो शहाणपण शिकवायला पुढे. गोदाम कर, भाड्याने दे, भिंत घालून खोली काढ. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिथे माझी गाडी उभी राहील. जुनी. जपायची."

लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातंय? अडतीस वर्षं ही बाई लोकांच्या गाड्यांत ओणवी होऊन, दातांत दोरा धरून काम करतेय. सीट झाली की मालक किल्ली फिरवणार आणि जाणार. लायसन तिच्याकडे वीस वर्षांपासून आहे, गाडी कधीच नव्हती. हौसेने जुन्या गाड्या जमवणाऱ्यांकडे दहा-दहा असतात. एक फसली तर नऊ आहेतच. हिची जागा एक, हौस एक, वय अठ्ठावन्न. निवड चुकली तर उरलेलं आयुष्य त्या चुकीकडे बघत टाके घालायचे.

शेजारच्या शेडमधला मिस्त्री तिचा सख्खा दीर. त्याने आधीच एक गाडी हेरून ठेवली होती. "वहिनी, लांबलचक, पांढरीशुभ्र. सुटे भाग कुठेही मिळतात. डोळे मिटून घ्या."

"बरं," मावशी म्हणाली आणि खरंच डोळे मिटले. विकणारा बॉनेट उघडून उभा, मिस्त्री त्यात डोकं घालून, आणि ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली. तळहात दाबत दारापासून मधे गेली, मधून परत दारापर्यंत आली. मग उतरली.

"गाडी कुणाची होती म्हणालात?"

"डॉक्टरांची. एकहाती. सुट्टीच्या दिवशीच काढायचे."

"डॉक्टर मागे बसून चालवायचे वाटतं."

"अं?"

"पुढची कव्हरं नवी, मागचं जुनं. आणि मागचा फोम दाराकडे पार बसलाय, मधे कडक. रोज चाळीस-पन्नास माणसं त्या दारातून घसरत आत गेली की असा बसतो. टॅक्सी होती ही, साहेब. डॉक्टरांना नमस्कार सांगा."

विकणाऱ्याने बॉनेट पाडलं. मिस्त्रीचं डोकं थोडक्यात वाचलं. परतीच्या वाटेवर मावशीनेच त्याची समजूत काढली, "इंजिन खोटं बोलतं भावजी. गाडीचं खरं काय ते बसणाऱ्याच्या बुडाला माहीत."

दुसरी गाडी मावशीनेच शोधली. सुट्या भागांच्या दुकानात फळ्यावर चिठ्ठी होती: जुनी गाडी, विचित्र, चालू स्थितीत. 'विचित्र' असं स्वतःहून लिहिणारा माणूस बघायलाच हवा, म्हणून मीही गेले. निवृत्त चष्मेवाले निघाले ते. चढावरचं छोटं घर, बाजूला पत्र्याचं छप्पर, त्याखाली फिकट हिरवी गाडी.

मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. "साहेब, पुढची बाजू कुठली?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही टोकं सारखी. बाजूला दार नाही. एक दार पुढे, एक मागे, कपाटासारखं उघडणारं. आत दोन बाकं, एकमेकांकडे पाठ करून, आणि मधोमध इंजिन. पुढचे दोघं येणारा रस्ता बघणार, मागचे दोघं गेलेला.

"वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाला, "ही गाडी नाही, हा कुणाचातरी गैरसमज आहे."

"बनवणारी कंपनी वर्षभरात बुडाली," चष्मेवाले अभिमानाने म्हणाले.

"वर्षभर तरली कशी, ते सांगा," मिस्त्री म्हणाला.

 मागचं दार उघडून मावशी बाकावर बसली होती, गुडघे जुळवून, दोन्ही हात रेक्झिनवर. लग्नघरात आधी खुर्ची पकडून बसतात ना, तशी. "पुढारी, इकडे ये. बघ. अडतीस वर्षांत अशी बैठक माझ्या हाताखाली आली नाही. डोळ्यांनी माप सांगते मी कुठल्याही सीटचं. हिचं नाही सांगता येत." तिचे कान लाल झाले होते. "हीच."

"इंजिन तरी बघू द्या!" मिस्त्री कळवळला.

"बघा ना. नको कोण म्हणतंय?"

त्याने बघितलं. सुरू करून बघितलं. तोंड वाकडं केलं, पण 'चालेल' म्हणाला. चष्मेवाल्यांनी मात्र आधीच सांगितलं, की अकरा वाजता जुन्या गाड्यांच्या क्लबातले एक गृहस्थ येणार आहेत, दोघांशी बोलूनच ठरवीन. त्यांचंही बरोबर. इतकी वर्षं सांभाळलेली गाडी माणूस सहज हातातून सोडत नाही. मग ते गाडीचा इतिहास सांगू लागले. कुठल्या वळणावर बंद पडली, कोणी ढकलली, चष्म्यांच्या पेट्या घेऊन कुठेकुठे हिंडली. मिस्त्री जांभया देत होता. मावशी बाकावर बसून ऐकत होती.

क्लबवाले अकराला पाच कमी असताना आले. पांढरे हातमोजे, छोटी विजेरी, वही. आम्हाला मान नाही की नमस्कार नाही. विजेरी लावून ते गाडीतून फिरले आणि "वा!" म्हणाले. "अस्सल. कुणाचा हात लागलेला नाही. रंग मूळचा, काच मूळची. अशीच हवी." मग मागच्या बाकाशी येऊन वाकले. वाकलेले तसेच राहिले.

"ही शिवण आजची आहे."

आम्ही सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. तिच्या हातात दाभण होती. दोऱ्याचं टोक अजून ओठांत.

बाकाच्या कडेची शिवण वीतभर उसवलेली होती. चष्मेवाल्यांचा इतिहास चालू असताना तिच्या हाताने ती आपोआप शिवून टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. उसवलेलं दिसलं आणि हात शिवशिवले. तिला स्वतःलाच पत्ता नव्हता.

"अहो बाई!" चष्मेवाल्यांचा आवाज फाटला. "दुसऱ्याच्या वस्तूला सुई लावता?"

चूक होती. मी तिच्या बाजूची, तरी सांगते, चूकच होती.

"मूळ शिवण गेली म्हणजे अस्सलपणा गेला," क्लबवाले विजेरी बंद करत म्हणाले. "मला आता विचार करावा लागेल."

"चुकले," मावशी म्हणाली. "पण जुन्याच भोकांतून टाके घेतलेत. नवं भोक एकही नाही. बघा."

क्लबवाल्यांनी परत विजेरी लावली, बराच वेळ बघितलं आणि नाइलाजाने मान हलवली. "मग उसवून टाका. होती तशी करा. मी आत्ता घेतो."

चष्मेवाल्यांनी मावशीकडे हात केला. "उसवा. तुम्ही उसवलंत तरच मी तुमचाही विचार करीन."

मावशीने कमरेच्या पिशवीतून ब्लेड काढलं आणि पहिल्या टाक्याखाली घातलं. एक टाका तोडला की गाडीची आशा शिल्लक.  मिस्त्रीने, ज्याला ही गाडी नकोच होती त्याने, पुटपुटत सांगितलं, "वहिनी, तोडा. दोऱ्याचं काय एवढं?"

ब्लेड तिथेच थांबलं. मग मावशीने ते पुसून पिशवीत ठेवलं.

"नाही जमत. विचारल्याशिवाय शिवलं त्याची माफी मागते. पण धड केलेलं मी फाडणार नाही. गाडी यांना द्या. त्यांना उसवलेलंच हवं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने उसवावं. हातमोजे काढून."

उतरली ती. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ. माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी सुरुवात करणार, तेवढ्यात घराच्या दारातून आवाज आला.

"सरका बघू सगळे."

चष्मेवाल्यांची बायको. ओले हात पदराला पुसत आली, कुणाकडे न बघता मागच्या दारातून आत शिरली आणि बाकाच्या त्या कडेला बसली. थोडी हलली. उठली, परत बसली.

"टोचत नाही," ती म्हणाली.

"अगं, तू कशाला मधे..."

"एकतीस वर्षं, अहो! एकतीस वर्षं सांगतेय, त्या फटीतून तार बाहेर येते आणि मांडीला टोचते. 'बघू' म्हणायचात. पुढे माझी जागा नाही, पुढे चष्म्यांच्या पेट्या. पेट्यांना हादरा बसायला नको. मला बसला तर चालतो. जिथे जिथे नेलंत तिथलं सगळं मी मागे पडल्यावर पाहिलं, आणि तेही एका अंगावर बसून." मग क्लबवाल्यांकडे वळून गोड आवाजात, "भाऊ, तुम्हाला ती तार हवी आहे का? अस्सल आहे."

क्लबवाल्यांनी वही मिटली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासल्या होत्या. बायकोकडे मात्र ते असे बघत होते, जणू नंबर आजच बदललाय.

"किल्ली द्या त्यांना," बायको म्हणाली.

"अगं, पण ठरवायला जरा..."

"गाडी तुमची. बाक माझं. बाक मी दिलं."

किल्ली मावशीच्या तळहातावर आली. ती किल्लीकडे बघतच राहिली. हजारो किल्ल्या बघितलेली बाई, ही एक कुठल्या बाजूने धरायची ते तिला कळेना. मिस्त्रीने नाक ओढलं आणि धुळीला शिव्या घातल्या.

"एक चक्कर मारूया?" मावशीने बायकोला विचारलं. "पुढे बसा. पेट्या नाहीत आता."

"आणि मी?" चष्मेवाले.

दोघी पुढे जाऊन बसल्या. मागचं दार उघडंच होतं.

गाडी धुराचा एक भपका सोडून उतारावर निघाली. पुढे दोघी मोठमोठ्याने हसत होत्या, ते आम्हाला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आम्हाला दिसत होते चष्मेवाले. मागच्या काचेत, थेट आमच्याकडे तोंड करून, लहान लहान होत जाणारे. दोन्ही हातांनी बाक धरलेलं.

"ते काहीतरी म्हणतायत," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

त्याने डोळे बारीक केले. "बहुतेक 'हळू' म्हणतायत."

गाडीने वेग घेतला आणि वळणावर दिसेनाशी झाली.