मापाचा झंपर

“हिच्या एका झंपराच्या कापडात तिचे दोन निघतेत की!” शिलाई मशीन थांबवून काकू म्हणाली. मी दाराआड होते. ‘ही’ म्हणजे मी आणि ‘ती’ म्हणजे काकूची मुलगी, माझ्याच वयाची. त्यावर माझी आई हसली. ते हसणं मला जास्त लागलं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मी औरंगाबादला वसतिगृहात राही आणि सुटीला सोनपेठला येई. घरी आलेले पाहुणे मला इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला लावत आणि मग चुलत बहिणीकडे बघत बसत. तिच्या हातात बांगड्या सैल खेळत. माझ्या हातात साबण लावून चढवाव्या लागत. तिचं मनगट, तिची कंबर, सगळं मला हवं होतं.

आमच्या घरात उपाशी राहणं सोपं होतं. आधी सोमवार धरले, मग शनिवार, मग चतुर्थी. उपास म्हटलं की कोणी आग्रह करत नसे. “लय गुणाची हाय,” शेजारीण म्हणे, आणि माझ्या वाटीतला साबुदाणा गायीच्या घमेल्यात जाई. वसतिगृहात तर बघणारंच कोणी नव्हतं. केस गळायला लागले, त्याचा दोष पाण्यावर गेला. पाळी बंद झाली, ती परीक्षेच्या ताणावर.

पुढच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न ठरलं. “हा घालून बघ, कुठं कुठं उसवावं लागतंय ते कळंल,” म्हणत काकूने बहिणीचा झंपर मला दिला. तो खांद्यावरून घसरला.

“अगं बाई! कशी झाली बघा पोरगी!” काकूने टाळीच वाजवली. बाबांनी कौतुकाने मान हलवली. दहावीच्या निकालालाही ती अशी हलली नव्हती.

मी बहिणीकडे पाहिलं. तिला झोंबायला हवं होतं. ती चुलीपाशी माझ्या आईजवळ बसून ठेच्यावर तेल ओतून घेत होती.

“मोठी आई, आणखी एक भाकर टाक गं. लय भूक लागलीय.”

तिने बोटं चाटली. तिच्याकडे कोण बघतंय, कोण नाही, याचं तिला काहीच नव्हतं. इतका हेवा मला तिच्या कमरेचाही कधी वाटला नव्हता.

“तू बी बस की,” ती मला म्हणाली.

“तिचा उपास असंल,” काकू म्हणाली.

“उपास नाही. कधीच नव्हता,” मी म्हणाले. “मला हिच्यासारखं जेवायचंय, आणि आता जमत नाही.”