बाळारामदादांचा संशय

बाळारामदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी किन्हवलीच्या स्टँडवर मुरबाडच्या एसटीची वाट बघत होते. त्यांच्या पुतण्याचा फोन होता. फुप्फुसाचा कर्करोग... एसटी आली तशी गेली, मी चढले नाही.

मुरबाडच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. नट-बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्ताचा आणि वरून क्रोमियमचा थर द्यायचा, हे तिथलं काम. दादा शेणव्याचे, द्रावणाच्या टाकीवर असायचे, मी लॅबमध्ये. जुन्या पिवळ्या द्रावणातलं क्रोमियम विषारी. दादांच्या नाकातून रक्त यायचं, बोटांवरच्या जखमा भरायच्या नाहीत. गिऱ्हाइकांनी तो विषारी थर नाकारला तेव्हा मालकांनी कमी घातक असं नवं द्रावण आणलं, पेढे वाटले. दादांनी पेढा घेतला नाही. पुढे एका दुपारी रुमालात गुंडाळलेला बोल्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"ताई, नाक अजून जळतंय. ह्यो तपासा. कोणाला बोलू नका."

मला आधी त्यांचाच संशय आला. नव्या टाकीवर माणसं कमी लागणार होती, दादांचं काम जाऊ शकत होतं. बोल्ट मुद्दाम जुन्या द्रावणात बुडवून आणला असेल तर? म्हणून मी स्वतः ताज्या मालातले बोल्ट उचलले, पाण्यात उकळले आणि त्या पाण्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले. पाणी जांभळट गुलाबी झालं. म्हणजे विषारी क्रोमियम नव्या मालातही होतं.

दादांना सांगितलं, तर म्हणाले, "तुमी आधी माझ्यावरच डाऊट घेतला ना?" मी मान हलवली. "बरं केलंत. कोणावर भरवसा नाय ठेवायचा."

शोध घेतल्यावर कळलं, गंजाच्या चाचणीत माल नापास होऊ नये म्हणून सुपरवायझरच नव्या टाकीत जुन्या द्रावणाची पावडर टाकत होता. मालात विष नसल्याच्या सर्टिफिकेटवर मी सही केली नाही. शेवटी गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं मालकांनी टाकी रिकामी केली, सुपरवायझर गेला. मालकांना हे आधीपासून ठाऊक होतं का... मला अजून कळलेलं नाही. दादांच्या नाकातलं रक्त थांबलं. खोकला मात्र राहिला.

दहाव्यानंतर शेणव्याला गेले. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "ताई, त्या टाकीनंच गेले का ओ ते?" डॉक्टरांनी कारण सांगितलं नव्हतं. मलाही ते तपासता येणार नव्हतं. मी तेच त्यांना सांगितलं आणि त्यांचा हात धरला.

तपासणीला माल देताना दादा क्रेटच्या अगदी तळात हात घालायचे. "वरचा दाखवायचा असतो," म्हणायचे. आता नवा सुपरवायझर वरचे चार बोल्ट हसत पुढे करतो. मी ते बाजूला ठेवते, बाही कोपरापर्यंत सारते आणि तळात हात घालते.