डबड्यासमोर चपला

आता हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला आजही घाम फुटतो.

ऐंशीच्या दशकात सेलूतल्या आमच्या सहकारी संस्थेत कॉम्प्युटर आला, आणि मी, हेडक्लार्क, त्याच्यावर जळायला लागलो. हो हो, मशीनवर! का जळू नये? घरात सवत यावी तसा तो आला. माझी खोली त्याला दिली. माझी खिडकी बुजवून तिथे एसी बसवला. आणि मी कुठे? व्हरांड्यात, भर मे महिन्यात! पूर्वी कोणाचं काही अडलं की माझ्याकडे यायचे. आता म्हणायचे, "थांबा जी, मशीनले विचारतो."

वर दारावर पाटी: ‘चपला बाहेर ठेवा.’ मशीनला धूळ चालत नाही म्हणे!

"काकाजी, तुम्ही बी चपला काढूनच येजा," ऑपरेटर वंदना म्हणाली.

"मी चपला देवासमोर काढतो, डबड्यासमोर नाई! या जन्मात तं नाईच!" सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा मी गरजलो.

पुढच्याच आठवड्यात दुपारी अशी लू सुटली की डोकं भणभणायला लागलं. वंदना जेवायला गेली होती. म्हटलं, नुसतं डोकावून यावं. चपला? काढल्या की! कोण बघतंय? मशीनच्या मागे गार फरशीवर जरा टेकलो, आणि लागला डोळा.

पुढचं मला वंदनानेच सांगितलं, तेही तिखटमीठ लावून. अध्यक्ष भाऊसाहेब पाहुण्यांना मशीन दाखवायला घेऊन आले. आत घर्रर्र, घर्रर्र!

"हा आवाज कायचा जी?" पाहुण्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कबूल कोण करतो? "मशीन हिशेब करून राह्यलं," ते म्हणाले.

"मंग मधातच थांबलं काऊन?"

"हातचा घेऊन राह्यलं!"

दाराबाहेरून हे सगळं ऐकलेली वंदना तेवढ्यात धावत आत आली. "साहेब, मशीन तं बंद आहे! मी बंद करूनच जेवायले गेलती!"

सगळे घाबरत मशीनच्या मागे गेले. तिथे मी! अनवाणी, पालथा, दोन्ही हात मशीनकडे लांब केलेले.

"काकाजी," वंदना म्हणाली, "मी चपला काढा म्हटलं होतं. दंडवत घाला कुठं म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पाटीवर ‘चपला बाहेर ठेवा’च्या खाली कोणीतरी खडूने लिहिलेलं: ‘आन् हेडक्लार्कले बी!’